जुन्या आउटबोर्डचा करंट आणि टायमिंग : वाचकांचे प्रश्न

मे महिना उजाडला की या सदराकडे बोटीच्या मागे बसवलेल्या (आउटबोर्ड) इंजिनांविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि त्याचे कारण कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, तेव्हा शेडमध्ये उभे असलेले जुने इंजिन पहिल्या दोन-चार ओढींत सुरू होते की नाही, यावर माणसे वेळेत बाहेर निघणे अवलंबून होते. या वेळी आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारी करंट (प्लगची ठिणगी) आणि टायमिंग (ती ठिणगी पडण्याचा क्षण) यांच्याच असल्याने हा भाग त्यासाठीच ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाकडे देणगीतून मिळालेले, सुमारे ४० वर्षांपूर्वीचे, २५ अश्वशक्तीचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे. फ्लायव्हीलखाली सीबी पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क) आहेत. गेल्या पावसाळ्यापासून ते शेडमध्ये तसेच उभे होते. आता दोरी ओढली की प्लगला कधी करंट येतो, कधी येत नाही, आणि आला तरी इंजिन सुरू होत नाही. गावातील मिस्त्री दोन्ही कॉइल बदला म्हणतात. काय करावे?
– एक कार्यकर्ते, चिखली (ता. करवीर)

उत्तर : कॉइल लगेच बदलू नका. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पॉइंट, स्वतःचा कंडेन्सर आणि स्वतःची कॉइल असते, म्हणजे एकाच फ्लायव्हीलच्या चुंबकांवर चालणारी दोन स्वतंत्र यंत्रणाच तिथे बसवलेल्या असतात. त्यामुळे करंट दोन्ही प्लगांचा एकदम जातो की एकाचाच, हे आधी ठरवा. दोन्ही कॉइल एकाच हंगामात निकामी होण्याची शक्यता फार कमी असते. दोन्हीकडचा करंट एकदम जात असेल तर बिघाड दोघांच्या सामाईक भागात आहे, आणि तो भाग बहुतेक वेळा इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर हाच असतो. ही वायर बॉडीला लागली की करंट बंद होतो, तिचे काम तेच आहे. परंतु वर्षानुवर्षे टिलरच्या, म्हणजे इंजिन वळवण्याच्या, दांड्यातून वळत गेलेल्या वायरचे प्लास्टिक कडक होऊन फाटते आणि दांडा एका बाजूला वळवला की ती आपोआप बॉडीला टेकते. बटणाकडे जाणारी वायर मॅग्नेटोच्या (फ्लायव्हीलच्या चुंबकांवर करंट तयार करणाऱ्या यंत्रणेच्या) बाजूला सोडवून, तिचे टोक कशालाही लागणार नाही असे बांधून पुन्हा करंट पाहा. करंट नियमित आला तर दुरुस्ती एका हातभर वायरची आहे. मात्र ही वायर सोडलेली असताना इंजिन बटणाने बंद होणार नाही, हे लक्षात ठेवून चोक ओढण्याची किंवा पेट्रोल तोडण्याची तयारी ठेवावी.

आता करंट पाहण्याच्या पद्धतीविषयी. प्लग काढून बॉडीला टेकवला आणि ठिणगी दिसली म्हणजे करंट ठीक आहे, ही समजूत फार जणांना फसवते. उघड्या हवेत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडायला फारसे व्होल्टेज लागत नाही. सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले गेले की तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागते, आणि अशक्त कॉइल किंवा काळा पडलेला पॉइंट नेमका तेव्हाच कमी पडतो. म्हणून फट कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या. तो महाग नसतो. पॉइंटच्या जुन्या मॅग्नेटोने सुमारे ६ मिलिमीटरची फट निळ्या, कडकडीत आवाजाच्या ठिणगीने ओलांडली पाहिजे. सीडीआय (पॉइंटऐवजी कपॅसिटरमधून ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या इंजिनाकडून १० ते ११ मिलिमीटरची अपेक्षा ठेवतात. तपासताना दोन्ही प्लग काढा म्हणजे दोरी झटक्यात ओढता येईल, कारण फ्लायव्हील हळू फिरले तर चांगला मॅग्नेटोही करंट देत नाही. टेस्टर प्लगच्या भोकांपासून दूर ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि तिच्याजवळ ठिणगी उडाली तर भडका उडतो.

बटणाची वायर निर्दोष निघाली तर फ्लायव्हील पुलरने काढून पॉइंट उघडे करा. दहा महिने दमट शेडमध्ये राहिलेल्या पॉइंटच्या टोकांवर राखाडी, चमक नसलेला थर बसलेला दिसेल. तो थर इतका पातळ असतो की नुसत्या डोळ्यांना पॉइंट स्वच्छच वाटतात. मल्टीमीटर लावला की पॉइंट मिटलेला असतानाही रोध दाखवतो. बारीक पॉइंट-फाइल दोन-तीन वेळा हलक्या हाताने फिरवा आणि मग थिनरमध्ये भिजवलेला जाड, कोरा कागद पॉइंटच्या मध्ये धरून ओढून काढा, कागद काळा येणे थांबेपर्यंत. पॉलिश पेपरने घासू नये, त्याचे कण टोकांत रुततात. नवीन पॉइंट आणले असतील तर त्यांनाही हा कागद फिरवाच, कारण गंजू नये म्हणून कारखान्यातून त्यांना थर दिलेला असतो आणि ‘नवे पॉइंट घालूनही करंट नाही’ या तक्रारीमागे अनेकदा तोच असतो. टोके खड्डे पडून जळाल्यासारखी निळसर-काळी झाली असतील तर दोष कंडेन्सरकडे जातो, आणि तेव्हा पॉइंटसोबत कंडेन्सरही बदलणे शहाणपणाचे ठरते. कॉइल शेवटी पाहा: तिच्या आवरणाला केसासारखी चीर गेलेली असेल तर त्या चिरेतून करंट बॉडीत उतरतो, आणि त्या काळातील काही बनावटींत ही चीर हा ठरलेलाच आजार आहे.

यापुढचा भाग टायमिंगचा आहे. पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते, म्हणून पॉइंटची फट वाढवली की तो लवकर उघडतो आणि टायमिंग पुढे जाते, फट कमी झाली की टायमिंग मागे पडते. कॅमवर घासणारा पॉइंटचा फायबरचा ठोकळा झिजत जातो तसतशी फट कमी होते, म्हणजे दुर्लक्षित इंजिनाचे टायमिंग वर्षागणिक थोडे थोडे मागे सरकत असते आणि इंजिन ‘म्हातारे झाले’ असे आपण म्हणू लागतो. अनेक जुन्या इंजिनांत ही फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा आणि कॅमच्या सर्वांत उंच जागेवर फिलर गेजने लावावा. फिलर गेजवर न थांबता पॉइंट नेमका कधी उघडतो हे मल्टीमीटरनेही पाहा. त्यासाठी कॉइल आणि कंडेन्सर यांच्या वायरी पॉइंटपासून आधी सोडवाव्या लागतात, कारण कॉइलच्या जाड तारेचा रोध इतका कमी असतो की ती जोडलेली असेल तर पॉइंट उघडला तरी मीटर मिटल्यासारखेच दाखवतो. दोन सिलिंडरच्या या इंजिनात दोन्ही पॉइंट एकमेकांपासून बरोबर १८० अंशांवर उघडले पाहिजेत. एक लवकर आणि दुसरा उशिरा उघडत असेल तर इंजिन सुरू होते, पण हळू वेगावर लंगडते, आणि ते लंगडणे कार्बोरेटर कितीही साफ केला तरी जात नाही.

प्रश्न : माझे लेथचे काम आहे. ओळखीच्या एकांच्या बोटीचे ४० अश्वशक्तीचे सीडीआय इंजिन पंखा बुडक्या झाडाच्या बुंध्यावर आदळून जागीच थांबले. तेव्हापासून दोरी ओढताना हाताला उलटा हिसका बसतो आणि कार्बोरेटरमधून फटाक्यासारखा आवाज येतो. ठिणगी मात्र निळी आणि जोरदार आहे. फ्लायव्हील काढले तर त्याची अर्धचंद्राकृती चावी कापली गेलेली दिसली. मऊ चावीमुळे हे झाले असे वाटते. चांगल्या पोलादाची, हार्डन केलेली चावी करून बसवू का?
– एक कारागीर, उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : चावी सापडली हे फार चांगले झाले, परंतु हार्डन केलेली चावी बसवू नका. उद्यमनगरात ऑइल इंजिनांची आणि शेतीच्या यंत्रांची कामे करताना चावी ही ताकद पोहोचवणारी वस्तू म्हणून आपल्या हातात येते, त्यामुळे ती कापली गेली की ती मऊ होती असा निष्कर्ष साहजिक वाटतो. आउटबोर्डच्या फ्लायव्हीलवर मात्र ती फक्त जागा दाखवते. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील यांना धरून ठेवते ती टेपरची (शाफ्टच्या निमुळत्या टोकाची) पकड आणि वरच्या नटाचा ताण. टेपर नीट धरत असेल तर चावीवर भार जवळजवळ येतच नाही. चावी कापली गेली याचा अर्थ टेपरने पकड सोडली. तिथे कडक चावी घातली तर पुढच्या धक्क्याला कापली जाण्याऐवजी ती क्रँकशाफ्टची किंवा फ्लायव्हीलची खाच फोडेल, आणि आज थोड्या पैशांत भागणारे काम क्रँकशाफ्ट बदलण्यावर जाईल. कंपनीच्या मापाची, कंपनीच्या कडकपणाची चावीच आणावी. ती कोल्हापुरात मिळाली नाही तर मालवण किंवा रत्नागिरीकडे, जिथे अशी इंजिने मासेमारीच्या होड्यांवर रोज चालतात, तिथे चौकशी करावी.

उलटा हिसका का बसतो हे समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी होते. सीडीआय इंजिनात ठिणगीचा क्षण ठरवणारा चुंबक फ्लायव्हीलच्या मधल्या बोळक्यात (हबमध्ये) असतो. पंखा अडकून क्रँकशाफ्ट एकदम थांबला तेव्हा जड फ्लायव्हील स्वतःच्या वेगाने थोडे पुढे सरकले, चावी कापली गेली आणि तो चुंबक क्रँकच्या मानाने पुढे गेला. आता पिस्टन वर येण्याच्या बराच आधी ठिणगी पडते आणि वर चढणाऱ्या पिस्टनला ती मागे ढकलते. झोपाळा पूर्ण मागे येण्याआधीच धक्का दिला तर तो आपल्याच हातावर आदळतो, तसे. हे सरकणे किती मोठे ठरते ते पाहा: टेपरजवळ शाफ्टचा व्यास ३० मिलिमीटर धरला तर परिघावरचा एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ३.८ अंश होतात. चावी दोन मिलिमीटर कापली गेली की टायमिंग साडेसात अंशांनी हलते. एवढ्या पुढे गेलेल्या टायमिंगवर कसेबसे सुरू करून इंजिन पूर्ण वेगाने पळवले तर आत ठोके पडू लागतात, पिस्टनचा माथा वितळतो आणि त्याला भोक पडते. म्हणून ‘सुरू झाले ना, मग चालू दे’ असे या इंजिनाच्या बाबतीत कोणालाही म्हणू देऊ नका.

आता टेपर. शाफ्ट आणि फ्लायव्हीलचे बोळके थिनरने पुसून कोरडे करा आणि बोटाने चाचपा. फ्लायव्हील घसरले त्या जागी ओरखडे आणि चिकटून आलेल्या धातूच्या बारीक गाठी लागतात. चावी न घालता मार्किंगचा निळा रंग शाफ्टला पुसट लावून फ्लायव्हील बसवून काढा. रंग सगळीकडे सारखा उठला तर टेपर चांगला आहे. एखाद्या पट्ट्यातच उठला तर अगदी बारीक लॅपिंग पेस्टने, चावीशिवाय, फ्लायव्हील हाताने मागे-पुढे फिरवून दोन्ही पृष्ठभाग जुळवावे लागतील. हे काम आपल्यासारख्या कारागिराला अवघड नाही, पण इथे एक गोष्ट ऑइल इंजिनाहून वेगळी आहे: फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला चुंबक आहेत आणि ते लोखंडाचा प्रत्येक कण ओढून घेतात. म्हणून चुंबकांवर चिकटपट्टी लावा, खाली स्टेटरवर (फ्लायव्हीलखालच्या स्थिर कॉइलांवर) कापड पसरा आणि काम झाल्यावर पेस्टचा मागमूस राहणार नाही इतके धुवा. धुताना चुंबक जागेवर पक्के आहेत का ते बोटाने दाबून पाहा, कारण अशा धक्क्यात गोंद सुटून चुंबक सरकलेलेही असतात. बसवताना टेपरवर तेल किंवा ग्रीस लावू नये, तो कोरडाच असावा, जोवर त्या मॉडेलचे मॅन्युअल वेगळे सांगत नाही. काही जुन्या बनावटींत चावीची वरची कड टेपरच्या उताराला नव्हे तर शाफ्टच्या मध्यरेषेला समांतर ठेवावी लागते, तेही मॅन्युअलमध्ये पाहावे. नट टॉर्क रेंचनेच, दिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. अंदाजाने आवळलेला नट हेच टेपर सुटण्याचे नेहमीचे कारण असते. आणि फ्लायव्हील काढायला बोळक्याच्या तीन आट्यांत बोल्ट बसणारा पुलरच वापरावा. कडेला जबडे अडकवणारा पुलर फ्लायव्हील वाकवतो, आणि शाफ्टच्या टोकावर मारलेला हातोडा थेट बेअरिंगवर बसतो.

फ्लायव्हील बसले की त्यावरच्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पिस्टनची वरची जागा स्वतः शोधा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात गोल टोकाचा पितळी अडथळा बसवा, फ्लायव्हील हाताने हळू फिरवून पिस्टन अडथळ्याला टेकला की टायमिंगच्या स्थिर काट्यासमोर फ्लायव्हीलवर खूण करा, मग उलट्या बाजूने फिरवून पुन्हा टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये पिस्टनची खरी वरची जागा असते. ती फ्लायव्हीलवरच्या मूळ खुणेशी जुळली तर चावी आणि काटा दोन्ही बरोबर आहेत. हीच तपासणी फ्लायव्हील न काढताही करता येते, त्यामुळे ज्यांना चावीचा संशय आहे पण पुलर हाताशी नाही त्यांनी पहिल्यांदा हेच करावे. अडथळा बसवलेला असताना दोरी मात्र चुकूनही ओढू नये. त्यानंतर टायमिंग लाइट लावून पूर्ण पुढे नेलेल्या टायमिंगचा आकडा मॅन्युअलशी ताडून पाहा. मॅन्युअलमधील आकडा दोरीने फिरवताना घ्यायचा आहे की इंजिन वेगाने चालताना, हे नीट वाचा, कारण सीडीआयमध्ये या दोहोंत काही अंशांचा फरक पडतो.

एक भाग इथे हमखास राहून जातो. या इंजिनांत टायमिंग पुढे-मागे करणारा वेगळा गव्हर्नर नसतो. थ्रॉटलचा दांडा फिरवला की तोच आधी टायमिंगची प्लेट फिरवतो आणि ठरलेल्या खुणेपर्यंत आल्यावर कार्बोरेटरची झडप उघडू लागतो. हा क्रम बिघडला, म्हणजे टायमिंग पुढे जाण्याआधीच कार्बोरेटर उघडला, तर थ्रॉटल देताच इंजिन गुदमरते आणि सगळे जेट साफ करत बसतात. म्हणून टायमिंग लावले की दांड्याच्या जोडाची खूण आणि रोलर यांची जुळणी केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. कार्बोरेटरमधून होणारा आवाज हे सगळे करूनही राहिला तर तो मिश्रण पातळ असल्याचा किंवा रीड व्हॉल्व्हची (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या झडपेची) पाती तुटल्याचा असू शकतो. धडक झाली असल्याने पंख्याचा शाफ्ट वाकला आहे का हेही डायल लावून पाहून घ्यावे.

प्रश्न : माझी प्रवासी नाव आहे. ४० अश्वशक्तीचे जुने सीडीआय इंजिन गार असताना उत्तम चालते, अर्ध्या तासाने एका सिलिंडरवर येते आणि थोडा वेळ थांबवले की पुन्हा नीट होते. सीडीआय बॉक्स बदलला, बराच खर्च झाला, फरक पडला नाही.
– एक नावाडी, नृसिंहवाडी

उत्तर : उष्णतेने येणारा आणि गार झाल्यावर जाणारा दोष गार इंजिनावर कधीच सापडत नाही, आणि बॉक्स बदलला गेला तो याच कारणाने: गॅरेजमध्ये इंजिन नीट चालले, म्हणून संशय अंदाजाने घेतला गेला. प्रवासी उतरवल्यावर, नाव नांगरून, दोष उभा असतानाच पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली पायरी पेट्रोल वेगळे काढण्याची. इंजिन लंगडू लागले की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहा आणि टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे का पाहा. दाबल्याने इंजिन सुधारले तर करंटचा शोध तिथेच थांबवा. सुधारले नाही तर टायमिंग लाइटची चिमटी आधी एका प्लगच्या वायरला आणि मग दुसऱ्याला लावा. लाइट इथे टायमिंगसाठी नव्हे, करंटचा साक्षीदार म्हणून वापरायचा आहे. लंगडणाऱ्या सिलिंडरच्या वायरवर लाइटची उघडझाप तुटत असेल तर दोष करंटचा आहे. लाइट नियमित लुकलुकत असूनही सिलिंडर काम करत नसेल तर प्लग, पेट्रोल किंवा कॉम्प्रेशनकडे वळावे.

करंटचा दोष ठरल्यावर दोन सिलिंडरच्या इग्निशन कॉइल एकमेकांत बदला. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल खराब आहे, आणि या तपासणीला एक रुपयाही लागत नाही. दोष जागेवरच राहिला तर फ्लायव्हीलखालची ट्रिगर कॉइल (ठिणगीचा क्षण बॉक्सला कळवणारी), तिच्या वायरी आणि जोडण्या यांवर संशय येतो, बॉक्स नवीन असल्याने त्याच्यावर कमी. दोन्ही सिलिंडर एकदम जात असते तर चार्जिंग कॉइल पहिली संशयित ठरली असती, कारण तीच बॉक्समधील कपॅसिटरला दोन-तीनशे व्होल्टने भरते. फ्लायव्हीलच्या कडेखाली आरसा धरून स्टेटर पाहा: जुन्या स्टेटरवरचे भरण उष्णतेने वितळून डांबरासारखे ओघळलेले दिसले तर तो स्टेटर आज चालला तरी भर पावसात दगा देईल असे समजून बदलावा. ट्रिगर आणि चार्जिंग कॉइल यांचा रोध इंजिन गरम असतानाच मोजा, आणि नंतर गार झाल्यावर पुन्हा. गरम तांब्याचा रोध थोडा वाढतोच, परंतु वाचन एकदम उघडे सर्किट दाखवू लागले तर तार आतून तुटलेली आहे. चालत्या इंजिनात सीडीआयचे व्होल्टेज साध्या मल्टीमीटरवर खरे दिसत नाही, कारण ते क्षणभराच्या झटक्यांत येते. त्यासाठी शिखराचे व्होल्टेज धरून ठेवणारा अडॅप्टर लागतो. आणि सीडीआयची जोडणी चालू इंजिनात उघड्या हाताने धरू नये, तिचा झटका साध्या मॅग्नेटोपेक्षा बराच घातक असतो.

इंजिन गार ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मात्र आधी पाहून घ्या. आपल्याकडच्या गाळाच्या पाण्यात पंपाचा इम्पेलर लवकर झिजतो, इंजिन तापते आणि ताप वाढला की काही बनावटींत सुरक्षेसाठी करंट मुद्दाम तोडला जातो. तसे असेल तर इंजिन स्वतःला वाचवत आहे, आणि करंटचे भाग बदलून उपयोग नाही.

प्रश्न : इंजिनाचे जुने किल्लीचे स्विच मोडले म्हणून ट्रॅक्टरचे स्विच बसवले. किल्ली फिरवताच करंट कायमचा गेला. काय झाले असावे?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : सीडीआय बॉक्स जळाला असण्याची दाट शक्यता आहे. ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे स्विच चालू केले की बॅटरीचे १२ व्होल्ट पुढे पाठवते. मॅग्नेटोवर चालणाऱ्या आउटबोर्डचे स्विच उलट वागते: ते चालू असताना काहीच जोडत नाही आणि बंद केल्यावर बटणाची वायर बॉडीला टेकवते. ट्रॅक्टरच्या स्विचने त्या वायरीत थेट १२ व्होल्ट सोडले. नवीन बॉक्स बसवण्याआधी मॅग्नेटोसाठी बनवलेलेच स्विच आणा आणि त्या वायरीवर कोणत्याही स्थितीत बॅटरीचे व्होल्टेज येत नाही हे मीटरने तपासून मगच ती जोडा. बोटीला दुसरे कोणी वायरिंग करणार असेल तर ही गोष्ट त्याला आधी सांगा.

प्रश्न : प्लग कोणताही चालतो का? आणि सध्याच्या पेट्रोलचा करंटशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, कागल

उत्तर : आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असे नाही. जास्त गरम प्रकारचा प्लग घातला तर त्याचे टोक निखाऱ्यासारखे लाल राहून ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते आणि लक्षणे अगदी टायमिंग पुढे गेल्यासारखी दिसतात. मॅन्युअलमध्ये दिलेला क्रमांकच घ्यावा. त्यात रेझिस्टर असलेला प्लग सांगितला आहे की नसलेला, हेही पाहावे.

पेट्रोलचा करंटशी थेट संबंध नाही, पण लक्षणे मिसळतात. सध्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतून पाणी ओढून घेते, पाणी वाढले की तळाशी वेगळा थर बसतो आणि जुन्या रबरी नळ्या आतून सुटू लागतात. गेल्या हंगामातील पेट्रोल टाकीत असेल तर ते काढून टाकल्याशिवाय करंटची तपासणी सुरूच करू नका. ताजे पेट्रोल आणि टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे (पाण्याने गार होणाऱ्या इंजिनांसाठीचे) टू-स्ट्रोक तेल, ५० ला १ या प्रमाणात सांगितले असेल तर एका लिटरला २० मिली, आणि मॅन्युअलने जास्त तेल सांगितले असेल तर तेवढे, असे मिश्रण नव्याने करावे.

प्रश्न : बोट उलटून आमचे इंजिन पाण्यात गेले. दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. आता करंट नाही. उन्हात वाळवत ठेवले आहे, ते बरोबर आहे का?
– एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : नुसते वाळवत ठेवणे हेच अशा इंजिनाचे सर्वांत मोठे नुकसान करते. पाण्यात असेपर्यंत आतील भाग फारसे गंजत नाहीत; हवा लागताच बेअरिंगवर गंज चढू लागतो आणि उन्हात ते काही तासांतच होते. इंजिन पाण्यात जाताना चालू होते की बंद, हे पहिल्यांदा आठवा. चालू असताना बुडाले असेल तर सिलिंडरमध्ये शिरलेल्या, दाबता न येणाऱ्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. प्लग काढून फ्लायव्हील हाताने हळू फिरवा, कुठे अडकले किंवा खरखरले तर जोर न लावता इंजिन उघडावे लागेल.

मोकळे फिरत असेल तर बाहेरचा गाळ स्वच्छ पाण्याने धुवा, इंजिन आडवे करून प्लगच्या भोकांतून पाणी काढा, कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी रिकामी करा, मग सिलिंडरमध्ये टू-स्ट्रोक तेल सोडून फ्लायव्हील अनेकदा फिरवा. करंटसाठी सगळ्या जोडण्या उघडून आधी स्वच्छ पाण्याने आणि मग इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, कारण पाणी वाळले तरी जोडण्यांत राहिलेला गाळाचा थर करंट बॉडीत उतरवत राहतो. फ्लायव्हील काढून त्याखालचा गाळ काढा. सीबी पॉइंट असतील तर ते कागदाने साफ करा. सीडीआय बॉक्स भरणात बंद केलेला असल्याने त्याच्या आत पाणी सहसा जात नाही, त्याला चूल किंवा हीटरजवळ वाळवायला ठेवू नये. ठिणगी आली की इंजिन पिंपात, पाण्याचा पंप बुडेल एवढ्या पाण्यात आणि पंखा काढून, हळू वेगावर अर्धा-पाऊण तास चालवा, म्हणजे उरलेले पाणी आतील उष्णतेने आणि तेलाने बाहेर पडेल. त्यानंतर गिअरबॉक्सचे तेल काढून पाहा. ते दुधाळ झाले असेल तर सील बदलून नवीन तेल भरल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका.